नेफ प्रथिन

एचआयव्ही विषाणूचे सुमारे २०६ अमिनो आम्लांचे लहान प्रथिन. संसर्गानंतर पेशीत अगदी सुरुवातीला तयार होणाऱ्या प्रथिनांपैकी हे एक आहे. विषाणू सीडी४ या ग्राहीला चिकटून टी-पेशीत शिरतो. एकदा आत शिरला की नेफ तोच ग्राही पेशीपटलावरून आत ओढून लयकारिकेत नष्ट करवते. सीडी४ पृष्ठभागावर राहिला, तर विषाणूचे आवरण-प्रथिन त्याला जोडले जाऊन उलगडते आणि त्याचे एरवी झाकलेले भाग प्रतिपिंडांच्या तावडीत सापडतात.

नेफचे खरे कसब दिसते ते एचएलए रेणूंबाबत. एचएलए-ए आणि एचएलए-बी हे रेणू विषाणू-प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून मारक टी-पेशींना वर्दी देतात, म्हणून नेफ त्यांना हटवते. सगळेच एचएलए रेणू नाहीसे झाले, तर नैसर्गिक मारक पेशी त्या पेशीवर तुटून पडतील. एचएलए-सी व एचएलए-ई यांना नेफ हात लावत नाही, ते यामुळेच.

सिडनीतील एकाच रक्तदात्यामुळे बाधित झालेल्या काही जणांच्या विषाणूत नेफ जनुकाचा भाग गळालेला असल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा आजार अनेक वर्षे अतिशय संथ राहिला, तरी काहींच्या सीडी४ पेशी पुढे घटल्याच.