नोंदवहीतील नावे

क्वीन्सटाउनमध्ये राहणाऱ्या आपल्यांपैकी बहुतेकांचे अलेक्झांड्रा रस्त्यावरून नित्य जाणे-येणे असते. कोणी कचेरीस जातो, कोणी इस्पितळात, कोणी मुलांस शाळेत पोहोचवून परततो. १९५३ मधील राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या स्मरणार्थ ह्या वसाहतीस आजचे नाव मिळाले. त्यापूर्वी ह्या परिसरात टेकड्या, मळे आणि लष्करी बराकी होत्या. त्यांपैकी अलेक्झांड्रा बराकींत १५ फेब्रुवारी १९१५ रोजी, चिनी नववर्षाच्या सुटीच्या दिवशी, दुपारी बंदुकीचा बार झाला आणि पाचवी लाइट इन्फंट्री ह्या हिंदी पलटणीतील सुमारे निम्मे शिपाई बंड करून उठले. पलटण दुसऱ्या दिवशी हाँगकाँगला निघावयाची होती. प्रत्यक्षात आपणांस तुर्कस्तानच्या खलिफाविरुद्ध लढावयास नेत आहेत, अशी वदंता शिपायांत पसरली होती.

ह्या बंडात ४० हून अधिक माणसे मारली गेली. त्यांत ब्रिटिश अधिकारी होते, तसेच रस्त्याने जाणारे निःशस्त्र नागरिकही होते. त्या हत्येचे समर्थन कोणी करणार नाही. फ्रेंच, रशियन व जपानी जहाजांवरील नौसैनिकांच्या साहाय्याने बंड मोडण्यात आले. दोनशेंवर शिपायांवर लष्करी न्यायालयापुढे खटले चालले, आणि त्यांतील ४७ जणांना आउट्रम रस्त्यावरील तुरुंगाच्या भिंतीपाशी, हजारो लोकांच्या देखत, गोळ्या घालण्यात आल्या.

येथवरची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत आढळते. तिच्या पाठोपाठ निघालेल्या एका हुकुमाची आठवण मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही. बंड मोडल्यावर सिंगापुरात राहणाऱ्या सर्व हिंदी लोकांनी सरकारदरबारी आपापली नावे नोंदवावीत, असे फर्मान सुटले. व्यापारी, कारकून, गुराखी, धोबी, कोणीही त्यातून सुटला नाही. ज्यांनी बंदूक कधी हाती धरली नव्हती, ज्यांची राजनिष्ठा पूर्वी वाखाणली गेली होती, तेही आता संशयित ठरले. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांचा जन्म हिंदुस्थानात झाला होता अथवा हिंदी आईबापांच्या पोटी झाला होता. ह्या नोंदणीमुळे येथील हिंदी समाजाचे मन फार दुखावले, आणि ते साहजिकच होते.

परंतु ही नोंदवही काही १९१५ साली प्रथम उघडली गेली नव्हती. तिचा मूळ नमुना आपल्याच देशात, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, तयार झाला होता. आणि तो ज्यांच्यासाठी तयार झाला त्यांच्याविषयी आपल्या समाजाने कधी मन दुखवून घेतले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

१८७१ साली हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हेगारी हा वंशपरंपरागत धंदा असून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार असतात, ही त्यामागील समजूत होती. एखादी जमात एकदा ह्या कायद्याखाली जाहीर झाली, की तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढत. परवान्यावाचून त्यांना गाव सोडता येत नसे. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. सर्वांत भयंकर गोष्ट अशी, की सरकारने केलेली ही घोषणा बरोबर की चूक, हे पाहण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास ठेवलेला नव्हता. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यासही, लागू करता येऊ लागला. त्या वर्षीच्या कायद्याने नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याची मुभा दिली. पारधी, कैकाडी, भामटा इत्यादी जमातींचा जीवनक्रम तेव्हापासून पोलीस चौकीशी बांधला गेला. सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. तेथील माणसे दिवसा गिरणीत राबत आणि ठरल्या वेळी हजेरीस परत येत. कुंपणाच्या आत जन्मलेले मूल रांगू लागण्यापूर्वीच गुन्हेगार ठरलेले असे.

अशा व्यवस्थेत पोलिसाचे काम फार सोपे होते. गावात चोरी झाली, की चोर शोधण्याची आवश्यकता उरत नसे. पालावर जाऊन चार माणसे धरून आणली, आणि ती कबूल होईपर्यंत मारली, म्हणजे तपास पुरा. ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा नाही असे आधीच ठरलेले आहे, त्याची तक्रार ऐकणार तरी कोण? खरा चोर मात्र बहुधा मोकळाच राही. पोलिसांचा असा अन्याय ज्यांच्या वाट्यास येत नाही त्यांचेही त्यात नुकसान असते, ते येथूनच सुरू होते.

वास्तविक ह्या दुःखाची ओळख आपल्या सुशिक्षित वर्गास नव्हती असे नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरात व स्वयंपाकघरात बुटांनी वावरले. संशयावरून माणसांना उचलून छावण्यांत नेण्यात आले. त्या अपमानाने सारे पुणे पेटून उठले. २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. ती हकीकत आपण आजही मुलांना सांगतो. तथापि परवानगीवाचून घरात शिरणे, संशयावरून माणसे हलविणे, छावणीत कोंडणे, हे जे पुण्याने काही महिने भोगले, तेच पुढे पारध्यांना व कैकाड्यांना जन्मभर भोगावे लागले, तेव्हा पुण्यास आपले १८९७ साल आठवले काय? उत्तर आपण सर्व जाणतो. नोंदवहीत आपले नाव नव्हते, म्हणून ती नोंदवही आपणांस दिसली नाही.

आणि मग १९१५ साली सिंगापुरात तीच नोंदवही हिंदी माणसासमोर उघडली गेली. हुकूम काढणाऱ्याने जात विचारली नाही, कुळ विचारले नाही, शिक्षण विचारले नाही. पुढे चारच वर्षांनी, १९१९ साली, रौलट कायद्याने संशयावरून चौकशीवाचून अटकेत ठेवण्याची, आणि अपिलाची सोय नसलेले खटले चालविण्याची सत्ता सरकारने साऱ्या हिंदुस्थानावर मिळविली. देश खवळला, १३ एप्रिल रोजी जालियनवाला बागेत शेकडो माणसे बळी गेली. न्यायालयाचा दरवाजा बंद करण्याची जी युक्ती १८७१ साली भटक्या, निरक्षर, बोलता न येणाऱ्या माणसांवर वापरली गेली आणि जिला सुशिक्षितांनी हरकत घेतली नाही, ती अर्ध्या शतकाने सुशिक्षितांच्याही दारी आली. एक दुसऱ्यातून सरळ उगवले असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु जुलमाची सवय ही आगीप्रमाणे असते. शेजाऱ्याचे छप्पर पेटले असता स्वस्थ बसणाऱ्याने आपल्या घराची कौले मोजण्यात अर्थ नसतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की त्या जमातींतील काही माणसे चोऱ्या करीतच होती; अलेक्झांड्रा बराकींतील काही शिपायांनी निरपराध्यांना मारलेच होते. हे खरे आहे. ज्याने गुन्हा केला त्याला पुराव्यानिशी शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. प्रश्न त्याच्या भावाचा, शेजाऱ्याचा, आणि अजून न जन्मलेल्या मुलाचा आहे. गुन्हा माणूस करतो. वंश करीत नाही. हा विवेक सुटला, की कायदा आणि सूड ह्यांतील अंतर नाहीसे होते.

परवंशातील माणसाच्या दुःखाची दखल घेण्याचे उदाहरण शोधावयास आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा झाल्यावर दोनच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी अमेरिकेतील हबशी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केला. पुण्याच्या ह्या माणसाने अमेरिका कधी पाहिली नव्हती. पण त्या गुलामाच्या पायातील बेडी व आपल्या देशातील शूद्रातिशूद्रांची बेडी एकाच लोखंडाची आहे, हे त्यांनी ओळखले होते. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डु बॉईस ह्या कृष्णवर्णीय विद्वानाशी पत्रव्यवहार केला, त्यामागेही हीच जाणीव होती. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा रोवून त्याचा प्राण घेतला, तेव्हा आपल्या घरांतही प्रश्न निघाला, की त्यात आपले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर फुल्यांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते.

अन्याय जसा पसरतो, तसा न्यायही पसरतो, ही ह्या इतिहासाची दुसरी बाजू होय. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. देशास स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षे व सोळा दिवसांनी ह्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कागदावरील शिक्का पुसला, तरी पोलीस चौकीतील संशय पुसला गेला नाही. १९९८ साली बारामती भागात एका पारध्याचा, आणि बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका शबर तरुणाचा, पोलिसांच्या मारहाणीने मृत्यू झाला. त्यांच्यासाठी आवाज उठविणाऱ्यांत उचल्या समाजातून आलेले लक्ष्मण गायकवाड होते, तसेच त्या जमातींशी रक्ताचे नाते नसलेल्या महाश्वेता देवी आणि गणेश देवीही होते. त्यापूर्वी, १९९६ साली, कोठडीतील मृत्यूंविषयी डी. के. बसू ह्यांनी लिहिलेल्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा लेखी कागद झाला पाहिजे. नातेवाइकांस कळविले पाहिजे. कोठडीत मरणारी माणसे बहुधा गरीब असतात; पण त्यांच्या मरणातून निर्माण झालेले हे नियम आज कोणाही सुखवस्तू गृहस्थाच्या मुलासही तितकेच उपयोगी पडतात. दुबळ्यासाठी बांधलेल्या छपराखाली सबळालाही पावसात उभे राहता येते.

आपण ज्या बेटावर राहतो त्याचाही हाच अनुभव आहे. २१ जुलै १९६४ रोजी पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी मलय व चिनी लोकांत दंगल उसळली; २३ माणसे मृत्यू पावली व ४५४ जखमी झाली. सप्टेंबरात पुन्हा दंगल होऊन आणखी १३ जण गेले. त्या भांडणात हिंदी माणसाचे काही नव्हते. परंतु संचारबंदी पुकारली गेली तेव्हा त्याचेही दार बंद झाले, त्याचाही रोजगार बुडाला. शांतता परत आणण्यासाठी वस्त्यावस्त्यांतून सद्भावना समित्या स्थापन झाल्या, त्यांत सर्व वंशांच्या माणसांना बसावे लागले. आज क्वीन्सटाउनमधील एकाच मजल्यावर चिनी, मलय व हिंदी कुटुंबे शेजारी राहतात, त्या शेजाराची किंमत त्या वर्षात दिली गेली आहे.

शेवटी एक घरातली गोष्ट. जुन्या काळी ह्या बेटावर हिंदी माणसास ‘केलिंग’ म्हणून हिणवीत. तो शब्द आजही कानी पडला तर आपणांस झोंबतो. पण आपल्या स्वतःच्या घरात, फसवणारा मनुष्य भेटला की आपण सहज म्हणतो, ‘मोठा भामटा आहे!’ भामटा हे एका जमातीचे नाव आहे. उचल्या हेही एका जमातीचे नाव आहे. १८७१ ची नोंदवही सरकारने १९५२ साली मिटली. आपल्या बोलण्यात ती अद्याप उघडी आहे, आणि आपली मुले मराठी शिकत असताना त्या शब्दांबरोबर ती नावेही शिकत आहेत. दूरच्या देशांतील पोलिसांना आवर घालणे आपल्या हाती नसेल. ही नोंदवही मिटणे मात्र आपल्या हाती आहे. अलेक्झांड्रा रस्त्यावरून जाताना कधी मुलाने विचारले, तर त्याला १९१५ सालची गोष्ट अवश्य सांगावी, आणि तिच्यासोबत सोलापूरच्या तारेच्या कुंपणाचीही सांगावी. दोन्ही एकत्र सांगितल्या, तरच ती गोष्ट पुरी होते.