उंदराच्या फुप्फुसातला जंत माणसाच्या मेंदूत

'रॅट लंगवर्म' हे नाव ऐकून हा फुप्फुसाचा आजार वाटेल. पण हा जंत फुप्फुसात राहतो तो उंदराच्या. माणसाच्या शरीरात शिरला तर तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि बहुधा तिथेच मरतो. त्याच्याविरुद्ध मेंदूच्या आवरणात उठणारी सूज म्हणजे हा आजार.

चीनमधल्या कँटन शहराच्या उंदरांत हा जंत सापडला आणि 1935 मध्ये चेन या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा तो उंदरांपुरताच मानला गेला. ऐन महायुद्धात तैवानमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात हेच जंत दिसले. नोमुरा आणि लिन यांनी 1945 मध्ये ते जपानी भाषेत छापले, पण युद्धाच्या धामधुमीत ते कोणी वाचलेच नाही. पुढे हवाईमध्ये मनोरुग्णालयातल्या एका मृत रुग्णाच्या मेंदूत जंत आढळले. लिऑन रोझेन आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये ते प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे जगाला हा आजार कळला. मधली सतरा वर्षे एका वाचल्या न गेलेल्या लेखामुळे वाया गेली!

आपल्याकडची गोष्ट परळमध्ये घडते. मुंबईत 1896 ला प्लेग आला आणि त्यातूनच पुढे 'हाफकिन' म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. प्लेगमुळे उंदीर हा तिथला जुना विषय. याच संस्थेतले रेणापूरकर आणि त्यांचे सहकारी यांनी 1982 मध्ये मुंबईच्या उंदरांत हा जंत असल्याचे दाखवले. पुढे 1988 मध्ये बृहन्मुंबईतल्या गोगलगायींचा आणि इतर यजमान प्राण्यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. म्हणजे हा पाहुणा परदेशातच राहतो असे समजू नका.

जंताचा प्रवास मोठा विचित्र आहे. उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत मादी अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या श्वासनलिकेतून घशात येतात, गिळल्या जातात आणि लेंड्यांतून बाहेर पडतात. त्या लेंड्या गोगलगाय खाते. गोगलगायीत अळी वाढते आणि ती गोगलगाय उंदराने खाल्ली की अळी आधी उंदराच्या मेंदूत जाते, तिथे मोठी होते आणि मग फुप्फुसाकडे उतरते. माणसात हा प्रवास सहसा मेंदूतच अडकतो.

आता तुम्ही विचाराल, सोलापुरात बसून मुंबईच्या उंदरांची चिंता कशाला? एक कारण घोरपड. घोरपड गोगलगायी खाते आणि अळ्या तिच्या मांसात जिवंत राहतात. केरळमधल्या डॉक्टरांनी 2006 मध्ये अशा रुग्णांची माहिती छापली. त्यांतल्या काहींनी घोरपडीचे कच्चे मांस खाल्ले होते. ताकद येते, दमा जातो, या समजुती आपल्याकडेही आहेत. ताकद येत नाही आणि घोरपड मारणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

दुसरे कारण गोगलगायी. 2022 च्या खरिपात शेजारच्या उस्मानाबाद, लातूर आणि बीड जिल्ह्यांत त्यांनी सोयाबीनची रोपे फस्त केली, हे शेतकऱ्यांना आठवत असेलच. त्या गोगलगायींत हा जंत होता असे मी म्हणत नाही. पण त्या वेचताना हातात मोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. पावसाळ्यात मेथी, कोथिंबीर, कोबी यांच्या पानांत बारीक गोगलगाय लपते. कच्चे खायचे असेल तर एकेक पान सुटे करून वाहत्या पाण्यात धुवा. शिजवलेल्या भाजीत अळी जगत नाही.

लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. असह्य डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे, कधी कपड्याचा स्पर्शही सहन न होणे, मुंग्या येणे, एकाचे दोन दिसणे. ताप फारसा नसतो. आमच्या भागात मान आखडलेला रुग्ण आला की टीबीचा मेंदूज्वर आधी मनात येतो आणि तो यायलाच हवा. पण पाठीतून काढलेल्या पाण्यात इओसिनोफिल या पेशी दहा टक्क्यांहून जास्त असतील तर विचार बदलावा लागतो. स्टेन करून मोजल्या नाहीत तर त्या नजरेतून सुटतात. टीबीच्या मेंदूज्वरात स्टिरॉइड देतात आणि या आजारातही त्याने आराम पडतो. त्यामुळे चुकीच्या नावाखाली बरे झालेले रुग्णही असू शकतील.

बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात, काही मात्र दगावतात किंवा कायमचे अधू होतात. मनाने जंताचे औषध घेऊ नका, कारण मेंदूत एकदम जंत मेले तर सूज वाढू शकते. शौचाच्या तपासणीत यातले काही सापडत नाही, कारण माणसात हा जंत अंडी घालेपर्यंत पोहोचतच नाही. निदानाचा मोठा धागा म्हणजे गेल्या महिन्याभरात काय खाल्ले हे. घोरपड खाल्ली असेल तर कायद्याच्या धाकाने घरचे लोक गप्प राहतात. आम्ही विचारतो ते उपचारासाठी. त्या वेळी खरे सांगा.