मागच्या तारखेची नोंद

भाच्याने फ्रान्सहून प्रोव्हान्सच्या मसाल्याची बाटली आणली. हिने तो बटाट्याच्या काचऱ्यांवर भुरभुरला. पहिल्याच घासाला मी विचारलं, "अगं, भांडी नीट विसळली होतीस ना?"

"मामा, लॅव्हेंडर आहे ते. तिथली परंपरा!"

कसली परंपरा? या फुलाचं नावच मुळी लॅटिनमधल्या 'धुणे' या क्रियापदाशी जोडतात! प्रोव्हान्सच्या गृहिणी ते कपड्यांच्या कपाटात ठेवीत. रश्श्यात पडे ते थाइम, रोझमेरी, सॅव्हरी. १९७०च्या दशकात तयार मिश्रणाच्या बाटल्या खपू लागल्या, आणि परदेशी गिऱ्हाइकाला जांभळी शेतं आठवावीत म्हणून लॅव्हेंडरही आत शिरलं. फ्रान्सच्या 'लेबल रूज' या दर्जाचिन्हाच्या मिश्रणात ते नाहीच. आमच्या बँकेत अशी मागच्या तारखेची नोंद केली असती, तर मेमोच हातात पडला असता.

काचऱ्या मात्र मी संपवल्या. तेल दोन पळ्या गेलं होतं.