जमा आणि नावे

आमच्या लग्नाला २० वर्षे पूर्ण झाली तेव्हा आम्ही अमेरिकेत होतो. शार्लटच्या मेहुण्याने बोलावले होते आणि बँकेने महिन्याची रजा दिली होती. यातली दुसरी घटना अधिक ऐतिहासिक. मेहुणा म्हणाला, "भावोजी, ताईला घेऊन ॲशव्हिलला जा. डोंगरातलं सदर्न जेवण म्हणजे भलतं रोमँटिक!"

'सदर्न' ऐकून माझ्या डोळ्यांपुढे इडली-सांबार उभे राहिले. पण त्यांची दक्षिण वेगळी. दोन तासांनी ब्लू रिजच्या निळसर डोंगरांत, एका कड्यावरच्या हॉटेलात आम्ही मेणबत्तीसमोर बसलो. उजेड इतका बेताचा, की पदार्थांच्या किमती दिसेनात. रोमान्सचे मूळ त्यातच असावे.

ताटे आली. मक्याच्या कण्यांची लापशी, तिला ते ग्रिट्स म्हणतात. तळलेली भेंडी. शिजवलेली चवळी. ताकात मळलेले बिस्किट, म्हणजे आपल्या खारीचा गुबगुबीत चुलतभाऊ. हिने काट्याने एक तुकडा उचलून न्याहाळला.

"अहो, ही तर भेंडी! भेंडी खायला आठ हजार मैल आलो?"

आता कॉमर्सच्या पदवीधराला एक खोड असते. जमा दिसली, की ती कुणाच्या नावे पडली ते तो शोधत बसतो. आदल्या रात्री मेहुण्याकडची पुस्तके चाळल्यामुळे खोड बळावली होती. जमेची बाजू तर ताटात वाफाळत होती. नावे मात्र कुठेच दिसत नव्हती.

पहिली नोंद मक्याची. कण्या मूळच्या तिथल्या आदिवासींच्या. हे डोंगर चेरोकी लोकांचे. १८३८ साली लष्कराने त्यांना घराबाहेर काढून मिसिसिपीच्या पलीकडे हाकलले. त्या सक्तीच्या प्रवासात सुमारे ४,००० माणसे गेली असे मानतात. काही थोडे डोंगरात टिकले. त्यांचे वंशज आजही जवळच राहतात.

दुसरी नोंद भेंडीची आणि चवळीची. दोन्ही आफ्रिकेतल्या; गुलामांच्या व्यापाराबरोबर इकडे आल्या. मळेवाल्यांच्या मुदपाकखान्यात चुलीपाशी राबत ती गुलाम माणसेच. 'सदर्न' चव म्हणून जिचे कौतुक होते, तिच्यात त्यांच्या हातांचा वाटा फार मोठा.

तिसरी नोंद वाटेची. ॲशव्हिलला आगगाडी पोचली १८८० साली. डोंगर फोडून बोगदे खणले ते कैद्यांनी, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. गाडी आली तसे मैदानातले श्रीमंत हवा खायला येऊ लागले. एडविन ग्रोव्ह नावाच्या गृहस्थांनी हिवतापावरचे क्विनाइनचे औषध विकून अमाप पैसा केला आणि १९१३ साली इथे डोंगरातल्या दगडांचे भले थोरले हॉटेल उघडले. डासांनी एवढे व्याज मिळवून दिलेले दुसरे खाते मी पाहिलेले नाही.

आणि ज्यांनी चूल सांभाळली, बोगदे खणले, त्यांना टेबलाशी बसायची मुभा? दक्षिणेत ती नव्हती. याच राज्यातल्या ग्रीन्सबरोला १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या उपाहारगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी जाऊन बसले. त्यांना कुणी काही वाढले नाही. ते दुकान बंद होईतो बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी आणखी सोबती घेऊन आले. २५ जुलैला दुकानाने हात टेकले. त्या दिवशी तिथे पहिल्यांदा ज्यांना वाढले गेले ते चारजण त्याच दुकानातले कृष्णवर्णीय नोकर होते. साऱ्या देशासाठी कायदा व्हायला १९६४ उजाडले.

मी मनात न्यायाधीशाच्या थाटात मान हलवली. पण परक्या शाखेचे ऑडिट करताना आपल्या शाखेची तिजोरी आठवतेच. आजोबांच्या गावी चहाच्या दुकानाबाहेर काही माणसांच्या कपबश्या वळचणीला वेगळ्या खोचलेल्या असत. आजोबा हे सांगत तेव्हा मी, त्या धुवायचं कोण, एवढेही विचारले नव्हते.

"गप्प का झालात?" ही म्हणाली.

"हिशेब करतोय."

"आजच्या दिवशी तरी नको!" म्हणत तिने उरलेली भेंडी माझ्या ताटात लोटली. मग वाढणाऱ्या मुलीला हाक मारून तिने आपल्या इंग्रजीत विचारले, "भेंडी फार छान झाली. कुणी केली?"

मुलगी चकित झाली. हा प्रश्न बहुधा कुणी विचारत नसावे. आत जाऊन आली आणि तिने एका बाईंचे नाव सांगितले.

ते मी बिलाच्या मागे लिहून ठेवले आहे. बिलाचा पुढचा आकडा कधीच विसरलो. विसरावा असाच होता. मागचे नाव मात्र जपून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या खात्यात तेवढी एकच नोंद माझ्याच्याने जुळली, आणि तीही हिच्यामुळे.