थेंबाची मात्रा

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक हाताला गरम लागते. दाबलेली हवा तापते, या साध्या गोष्टीवर रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन उभे केले. हवा पुरेशी दाबली, तर तिच्यात सोडलेले तेल ठिणगीवाचून पेटेल, असा त्यांचा हिशेब. १८९७ साली जर्मनीत, ऑग्सबुर्गच्या कारखान्यात तो खरा ठरला. इंधनातली सुमारे चौथा हिस्सा उष्णता कामी आली. वाफेच्या इंजिनांना हे जमत नव्हते.

प्रश्न वेगळाच होता. आत एवढा दाब असताना तेल घालायचे कसे? डिझेल यांनी ते त्याहून जास्त दाबाच्या हवेने फुंकून आत घातले. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर अवजड. छोट्या कारागिराच्या हाती शक्ती द्यावी, ही त्यांची इच्छा. इंजिन मात्र वीजघरांत आणि जहाजांवर जाऊन बसले. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसे झाले.

तेल थेट दाबून सोडण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. पण एकसारखे, हजारोंनी बनणारे पंप हवे होते. ते काम स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १९२२ साली अंगावर घेतले आणि १९२७ मध्ये पंप कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागले.

या पंपातला दट्ट्या बोटाएवढा. तो आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकीच. म्हणून तर डिझेलला फिल्टरचे एवढे सोवळे. दट्ट्या वर गेला की तेलाचा दाब नोझलची सुई उचलतो आणि फवारा उडतो. दट्ट्याच्या अंगावर तिरकी खाच असते. तो किंचित फिरवला की खाच भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते, उरलेले तेल मागे वळते. मात्रा मोजण्याची ही रीत कवीलाही हेवा वाटावा अशी. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरसाठी हे ७५० वेळा घडते.

कॉम्प्रेसर सुटला आणि इंजिन हलके झाले. ट्रक आले, १९३६ मध्ये मर्सिडीजची मोटार आली. आपल्याकडे पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी स्थापन झाली आणि विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन दिसू लागले.

गंमत अशी की, जी हवा डिझेल यांनी तेल ढकलायला वापरली, तीच या पंपाची वैरीण. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. तेल दबत नाही, हवा दबते. सुई उचलतच नाही. मग मिस्त्री नट सैल करतो, हातपंप मारत राहतो आणि बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत इंजिनाला हात लावत नाही.