खर्जाच्या विभाजनाचा इतिहास : मूकपटांच्या नाशिकपासून घरगुती चित्रपटगृहापर्यंत

प्रस्तावना :
त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतर आपले कार्यक्षेत्र नाशिक येथे हलविले. १९१८ मध्ये येथेच हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. मूकपटांच्या या नगरीत आज अनेक सदनिकांतून ‘होम थिएटर’ दिसते. ते बसविताना यंत्र विचारते : स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’? मोठे ते चांगले, या समजुतीने पुष्कळदा ‘लार्ज’ निवडले जाते. या शब्दांमागील इतिहास पाहिल्यास ही समजूत टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ध्वनीचे आगमन :
१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपटांचे दिवस भरले. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ (१९३२) मूकपट म्हणूनच तयार झाला. त्याला ध्वनीची जोड नंतर द्यावी लागली. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट कोल्हापूर येथे निर्माण झाला. बोलपटाने निर्मात्यांपुढे जसा प्रश्न उभा केला, तसाच चित्रपटगृहांपुढेही केला. पडद्यामागील एकाच प्रकारच्या कर्ण्यातून खर्जातील गडगडाट आणि संवादातील सूक्ष्म व्यंजने सारख्याच स्पष्टतेने ऐकविणे कठीण होते.

श्रमविभागणीचे तत्त्व :
यावरील उपाय अमेरिकेत एम.जी.एम.च्या ध्वनिविभागात डग्लस शिअरर यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाला. खालच्या वारंवारतेचे ध्वनी मोठ्या पडद्याच्या स्पीकरकडे व वरचे ध्वनी कर्ण्याकडे सोपविण्यात आले. या द्विमार्गी रचनेस १९३६ या वर्षासाठीचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार लाभला. ज्या सीमेवर हे काम वाटले जाते, तिलाच ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. पुढे ‘अर्थक्वेक’ (१९७४) या चित्रपटासाठी केवळ खर्जाकरिता स्वतंत्र स्पीकर वापरले गेले. १९९२ पासून डॉल्बी डिजिटलमध्ये खर्जपरिणामांसाठी वेगळी वाहिनी आली व डीव्हीडीबरोबर ती घरात पोहोचली.

घरातील उपयोजन :
येथे ‘लार्ज’ व ‘स्मॉल’ हे शब्द आकारवाचक नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे. ‘लार्ज’ म्हणजे त्या स्पीकरने खर्जासह सर्व ध्वनी वाहावा. ‘स्मॉल’ म्हणजे ठरावीक सीमेखालील भार सबवूफरने घ्यावा. सर्व स्पीकर ‘लार्ज’ ठेवल्यास सबवूफरकडे सामान्यतः केवळ खर्जपरिणामांची वाहिनी उरते. छोटे स्पीकर पेलत नसलेला खर्ज काढू पाहतात आणि त्यात संवाद गढूळ होतो.

सीमा म्हणून ८० हर्ट्झ हा आकडा रूढ झाला, त्यास कारण आहे. या वारंवारतेला ध्वनिलहरीची लांबी सुमारे ४.३ मीटर असते; त्याहून खालचा नाद कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा कळत नाही. पुरुषी आवाजाचा मूळ स्वरही बहुधा याच्या वरच असतो. सीमा १५० हर्ट्झपर्यंत नेल्यास पात्राचा आवाज अंशतः कोपऱ्यातील सबवूफरमधून येऊ लागतो. स्पीकर ६० हर्ट्झपर्यंत समर्थ असेल, तर ८० ही सीमा योग्य ठरते. मात्र सबवूफरवरील स्वतंत्र बटण कमाल मर्यादेवर ठेवावे. अन्यथा एकाच ध्वनीला दोनदा चाळणी लागते.

निष्कर्ष :
चित्रपटाच्या ध्वनीचा इतिहास हा केवळ मोठ्या आवाजाचा इतिहास नसून योग्य काम योग्य साधनाकडे सोपविण्याचा इतिहास आहे. संवाद ऐकू येत नाही म्हणून घरातील ज्येष्ठ व्यक्ती आवाज वाढवावयास सांगते. वाढतो तो मुख्यतः खर्ज, आणि भिंतीपलीकडील शेजाऱ्याची झोप मोडते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे. ‘स्मॉल’ हा पर्याय निवडणे म्हणजे कमीपणा पत्करणे नव्हे. शब्दाला त्याची जागा देणे, हाच त्याचा अर्थ होय.