विकीदुव्यातील आपोआप शीर्षक आणि स्थलनामांचा इतिहास : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

अनेकांनी मिळून संपादित करावयाच्या परस्परसंबद्ध पृष्ठांच्या व्यवस्थेला विकी म्हणतात. तिच्यातील एक पृष्ठ दुसऱ्याशी दुव्याने जोडलेले असते. त्या दुव्यात संबंधित पृष्ठाचे शीर्षक आपोआप भरण्याची सोय वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटते. परंतु स्थानिक इतिहासलेखनात, कोणत्या काळाचे नाव वाचकासमोर यावे, हा प्रश्न तिच्यातून उद्भवतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

शीर्षक आणि दुवा

१९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी सुरू केलेल्या पहिल्या विकीत रोमन लिपीतील शब्द सलग जोडून प्रत्येकाचे आद्याक्षर मोठे लिहिले की दुवा तयार होई. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेद नसल्याने ही रीत मराठीच्या उपयोगाची नव्हती. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने दुहेरी चौकटी कंसांची पद्धत स्वीकारली आणि कोणत्याही लिपीतील शीर्षकाचा दुवा करणे सुलभ झाले. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच पद्धतीवर उभा आहे.

पुढे आपोआप शीर्षक भरण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत दुव्यातील शीर्षकानंतर उभी रेघ देऊन पुढील जागा रिकामी ठेवली, तर जतन करतानाच शीर्षकातील कंसाबाहेरचा भाग तेथे भरला जातो. कळंब हे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, तसेच धाराशिव जिल्ह्यातही आहे. अशा ठिकाणी शीर्षकात कंसात जिल्हा द्यावा लागतो. वाक्यात मात्र केवळ ‘कळंब’ उमटते. एकदा जतन झालेला हा मजकूर पुढे शीर्षक बदलले तरी तसाच राहतो. याउलट २००४ पासून प्रचलित असलेल्या डोकूविकीत, तशी मांडणी निवडल्यास, पृष्ठ दाखविताना त्या वेळचे पहिले शीर्षक दुव्यात येते. शीर्षक बदलले की ज्यांत स्वतंत्र मजकूर दिलेला नाही असे सर्व दुवे बदलतात.

यवतमाळचे उदाहरण

१८६४ मध्ये वऱ्हाडात आग्नेय वऱ्हाड या नावाने स्थापन झालेला जिल्हा पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका त्यास जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. म्हणजेच १८९५ साली दारव्हा वणी जिल्ह्यात होते, तर पुसद वाशीम जिल्ह्यात. आता एखाद्या अभ्यासकाने ‘वणी जिल्हा’ या पृष्ठाचे दुवे दिले आणि दुसऱ्याने सद्भावनेने त्याचे शीर्षक ‘यवतमाळ जिल्हा’ केले, तर दुसऱ्या रीतीत १८९५ विषयीच्या वाक्यातही यवतमाळ हेच नाव उमटेल. लेखकाने न लिहिलेला कालविपर्यास त्याच्या नावावर जमा होईल.

व्याकरणाचीही अडचण आहे. दुव्याला लागून लिहिलेला प्रत्यय मीडियाविकी दुव्यातच सामावून घेते; त्यामुळे ‘पुसदमध्ये’ निर्दोष होते. परंतु ‘जिल्हा’ या शब्दाचे सामान्यरूप ‘जिल्ह्या’ होते, तसेच ‘पांढरकवडा’चे ‘पांढरकवड्या’. तयार शीर्षकास प्रत्यय जोडून ‘जिल्ह्यात’ किंवा ‘पांढरकवड्यात’ सिद्ध होत नाही. तेथे दर्शनी मजकूर हातानेच लिहावा लागतो.

निष्कर्ष

तालुके, गावे यांच्या याद्या व दिशादर्शक साचे अद्ययावत ठेवण्यासाठी आपोआप शीर्षक अत्यंत उपयुक्त आहे. कथनात्मक मजकुरात मात्र दुव्याचे लक्ष्य आजचे असावे आणि दर्शनी नाव त्या काळाचे. महाविद्यालये विद्यार्थ्यांकडून स्थानिक इतिहासाची पृष्ठे लिहून घेतात, तेव्हा हा विवेक त्यांना प्रथम शिकविणे आवश्यक आहे. पृष्ठ कोठे आहे हे यंत्र सांगू शकते. त्या काळी त्या स्थळास काय म्हणत, हे सांगण्याची जबाबदारी इतिहासकाराचीच आहे.